वाकडे दात किती जणांचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत दंततपासणी झाली की संध्याकाळी मुलाच्या दप्तरातून एक चिठ्ठी निघते. तिच्यावर कीड किती, हिरड्या कशा, आणि शेवटी 'दात वेडेवाकडे' असा एक शेरा. कीड म्हणजे काय हे आईवडिलांना कळतं, हा शेरा मात्र त्यांना छळतो. मग माझ्याकडे फोन येतात आणि लांबलचक मेसेज येतात. पालकांप्रमाणेच शिक्षक आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थीही लिहितात. गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यावं लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. 'मॅलऑक्लूजन' म्हणजे वाकडे दातच ना? मग एवढा मोठा शब्द कशाला?

कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे दात आपल्या रांगेत नसणं: दाटी, फटी, फिरलेला दात, दातावर दात. दुसरी म्हणजे वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर नीट न बसणं. डब्याचं झाकण डोळ्यांसमोर आणा. वरची रांग झाकणासारखी खालच्या रांगेला सगळीकडून थोडी बाहेरून वेढते. पुढचे वरचे दात खालच्यांपेक्षा साधारण २ ते ३ मिलिमीटर पुढे असतात आणि खालच्या दातांचा सुमारे एक तृतीयांश भाग झाकतात. वरचे फार पुढे आले, खालचे वरच्यांच्या पुढे गेले, खालचे दात पूर्ण झाकले गेले किंवा दाढा मिटूनही पुढे फट राहिली, तर रांग पट्टीने आखल्यासारखी असली तरी झाकण बिघडलेलं असतं. उलट रांगेत एखादा दात थोडा तिरका असूनही चावा, म्हणजे दोन्ही रांगांचं एकमेकांवर बसणं, उत्तम असू शकतो.

हा आजार नाही. ताप किंवा कीड यांसारखं 'आहे' किंवा 'नाही' असं त्याचं नसतं. उंचीसारखं ते कमी-जास्त असतं, आणि बुटका कोणाला म्हणायचं हे शेवटी आपणच ठरवतो. पुढचे बरेच गोंधळ इथूनच सुरू होतात.

२. भारतात किती मुलांना हा त्रास आहे? एक आकडा सांगा.

एकच हवा असेल तर सुमारे ३५ टक्के. ८ ते १५ वर्षांच्या भारतीय मुलांवरचे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून २०२१ साली काढलेली ही सरासरी आहे. म्हणजे तीन मुलांमागे एक.

आता तो आकडा जरा बाजूला ठेवा. मध्य प्रदेशात मांडू इथल्या आदिवासी मुलांची पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं. बंगळुरूच्या शाळकरी मुलांच्या २००८ सालच्या अभ्यासात ते ७१ टक्के निघालं. जगभरातल्या अभ्यासांची २०२० साली काढलेली एकत्रित सरासरी ५६ टक्क्यांवर आली. त्यात आफ्रिका ८१, युरोप ७२, अमेरिका ५३ आणि आशिया ४८.

बंगळुरूच्या पाण्यात काही आहे असं वाटून घेऊ नका. याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे, आणि या पानावर एकच प्रश्न वाचायला वेळ असेल तर तो वाचा.

३. एका अभ्यासात १४ आणि दुसऱ्यात ७१? कोणीतरी खोटं बोलतंय का?

नाही. प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी आहे.

सगळ्यात जुनी फूटपट्टी अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांची, १८९९ सालची. सहाव्या वर्षी येणारी वरची कायमची दाढ खालच्या दाढेच्या कोणत्या खाचेत बसते, ते ती बघते आणि त्यावरून माणसांना तीन वर्गांत टाकते (प्रश्न ५). तिच्यात किरकोळ दाटीसुद्धा 'बिघाड' म्हणून धरता येते. मग निर्दोष दात असणारा माणूस शोधावा लागतो, आणि ६०-७० टक्के आकडे सहज निघतात.

दुसरी फूटपट्टी 'डीएआय', म्हणजे डेंटल एस्थेटिक इंडेक्स. ती १९८६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात तयार झाली. दहा गोष्टी मोजायच्या, प्रत्येकीला ठरलेल्या आकड्याने गुणायचं, बेरजेत १३ मिळवायचे. उत्तर २५ किंवा कमी आलं तर ठीक किंवा किरकोळ, २६ ते ३० म्हणजे निश्चित बिघाड, ३१ ते ३५ गंभीर आणि ३६ किंवा त्यापुढे फारच गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ च्या सर्वेक्षण-पुस्तिकेत ती घेतली, म्हणून भारतात तिचा सुकाळ झाला. २०१३ च्या आवृत्तीत ती नाही, तरी आपल्याकडे अजून चालते. तिचे गुणक ठरले ते तिथल्या सर्वसामान्य लोकांना दातांची छायाचित्रं दाखवून, त्यांना काय पाहायला बरं वाटतं त्यावरून. अमेरिकी डोळ्यांना न रुचलेला चावा आपण विदर्भातल्या मुलाच्या तोंडात मोजतो, हे मला नेहमीच थोडं गमतीचं वाटत आलं आहे. शिवाय बाजूच्या दाढांचा उलटा चावा (वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसणं), खोल चावा (खालचे पुढचे दात पूर्ण झाकले जाणं) आणि हाडात अडकलेला दात या गोष्टी ती मोजतच नाही.

तिसरी 'आयओटीएन', इंग्लंडची, १९८९ ची. ती बिघाड किती हे विचारत नाही. उपचाराची गरज किती, ते पाच पायऱ्यांत सांगते.

फूटपट्टीखेरीज वयाचाही फरक पडतो. नऊ वर्षांच्या मुलांच्या तोंडात निम्मे दुधाचे आणि निम्मे कायमचे दात असतात, तेव्हाच्या फटी निसर्गाचा भाग असतात (प्रश्न १०). त्या बिघाडात धरल्या की आकडा फुगतो. तिसरी गोष्ट, मुलं कुठली? दवाखान्यात आलेल्यांना मोजलं तर प्रमाण जास्तच दिसणार. बाजारात आलेल्या बैलांवरून गावातल्या बैलांचं वय काढायचं नसतं.

तेव्हा कोणी टक्केवारी फेकली की आधी विचारा: कोणत्या मापाने, कोणत्या वयात आणि कुठे जमवलेली मुलं?

४. महाराष्ट्राचा वेगळा आकडा मिळेल का?

शहरापुरते आणि तालुक्यापुरते अभ्यास होतात. बहुतेक दंत महाविद्यालयांचे पदव्युत्तर विद्यार्थी ते प्रबंधासाठी करतात. एकाने अँगल वापरलेला असतो, दुसऱ्याने डीएआय. एकाने १२ वर्षांची मुलं घेतलेली असतात, दुसऱ्याने ८ ते १४. त्यांची बेरीज करून राज्याचा आकडा काढू नका. आंबे आणि फणस मिळवून डझन होत नाही.

शाळेतल्या सरकारी तपासणीचा आकडाही या कामाचा नाही, कारण तिचा हेतू वेगळा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच राज्यात, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, पालघरमध्ये (तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं). जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधले ३० प्रकारचे दोष हुडकणं हे त्याचं काम. त्यात दातांच्या तक्रारीही येतात. पथकातले डॉक्टर एका दिवसात शाळाभर मुलं बघतात. मिलिमीटर मोजायला त्यांना फुरसत नसते, आणि त्यांनी तो वेळ त्यात घालवूही नये.

५. रिपोर्टवर 'क्लास टू' लिहिलंय. म्हणजे दुसऱ्या पायरीचा बिघाड?

नाही, या पायऱ्या नव्हेत, तीन वेगळे प्रकार आहेत. क्लास वनमध्ये दाढा जिथल्या तिथे बसतात. बाकीचे दात सरळ असतील तर सगळं ठीक, दाटी किंवा फटी असतील तर 'क्लास वन मॅलऑक्लूजन'. क्लास टूमध्ये खालची दाढ मागे राहिलेली असते, बहुतेकदा हनुवटीही मागे आणि वरचे दात पुढे. क्लास थ्रीमध्ये खालचा जबडा पुढे.

कायमचे दात आलेल्यांच्या जगभरच्या अभ्यासांत क्लास वन सुमारे ७५ टक्के, क्लास टू जवळपास २० आणि क्लास थ्री ६ टक्के निघाले. वंशागणिक फरक खरा दिसतो तो क्लास थ्रीमध्ये. चिनी आणि मलेशियन लोकांत तो १६ टक्क्यांच्या आसपास, भारतीय अभ्यासांत मात्र जेमतेम सव्वा टक्का. म्हणून खालचा जबडा पुढे असलेलं मूल आपल्याकडे वर्गात उठून दिसतं. पोरं त्याला नावं ठेवतात ते वेगळंच.

६. मामाचे दात असेच आहेत. आनुवंशिकच असणार?

जबड्याचा आकार आणि दातांचा आकार या दोन्हींत घराण्याचा हात मोठा असतो. क्लास थ्रीमध्ये तर फारच. त्याचं गाजलेलं उदाहरण युरोपातलं हॅब्सबर्ग राजघराणं. त्यांच्या तैलचित्रांत पिढ्यानपिढ्या तीच पुढे आलेली हनुवटी दिसते. २०१९ साली संशोधकांनी ती चित्रं तपासली, तेव्हा नात्यातल्या लग्नांचं प्रमाण जितकं जास्त तितका जबड्याचा दोष ठळक, असं आढळलं.

हे वाचून आते-मामे लग्नाबद्दल विचारणारे हमखास निघतात. हॅब्सबर्गांनी काका-पुतणीची आणि चुलत-मावस भावंडांची लग्नं शतकानुशतकं एकमेकांतच लावली होती. तुमच्या आजोबांनी मामाची मुलगी केली म्हणून नातवाचा सुळा वर गेला, असं त्यातून निघत नाही.

नुसती दाटी असेल तर मामाला सोडा. तिथे दुधाचे दात कधी आणि कसे गेले (प्रश्न ८) हे जास्त बोलतं.

७. आजी म्हणते, भाकरी आणि ऊस खाल्ला असता तर दात वाकडे झाले नसते. खरं?

आजीच्या बाजूने पुरावा आहे, तोही भारतातला. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर चंडीगड परिसरातल्या शहरी आणि खेड्यातल्या तरुणांचे दात तपासले. तो अभ्यास १९८३ साली छापून आला. लोक एकाच वंशाचे होते, तरी शहरातल्यांचा चावा जास्त बिघडलेला होता. त्यांचं म्हणणं असं की वाढीच्या वयात भरपूर चावावं लागलं तर जबड्याचं हाड रुंद होतं, आणि मऊ खाण्यावर वाढलेला जबडा अरुंद राहतो. दातांचा आकार मात्र जनुकांनी आधीच ठरवलेला असतो. लहान बाकावर तेवढीच माणसं बसवली की खांदे तिरके होणारच.

पण याचा उलटा अर्थ चालत नाही. दहा वर्षांच्या, आधीच दाटी झालेल्या मुलाला रोज ऊस सोलून दिला तर दात सरळ होणार नाहीत. कडक खाणं खायचं ते पहिल्या वर्षापासून. दीड-दोन वर्षांच्या बाळाला सगळं मिक्सरमधून काढून भरवायची सवय लागलेली असते, तिथे आजीचं ऐकायला हरकत नाही.

८. दुधाचे दात पडणारच आहेत, मग किडले तरी काय बिघडलं?

हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंही नाही. वाकड्या दातांचं जे कारण आपल्याला खरोखर टाळता येतं, ते नेमकं याच वाक्यात आहे.

दुधाची दाढ खालच्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवते. रेल्वेच्या डब्यात खिडकीपाशी रुमाल टाकावा तशी. दुधाची दुसरी दाढ नेहमीच्या क्रमाने दहा ते बाराव्या वर्षी पडते. ती सातव्या वर्षीच किडून काढावी लागली, तर तिच्यामागे उभी असलेली कायमची दाढ पुढे कलते आणि रुमाल उचललेल्या जागेवर बसते. मग बाराव्या वर्षी जो दात यायचा त्याला जागाच उरत नाही. तो आतून येतो, बाहेरून येतो किंवा हाडातच अडकतो.

आता यातली खरी मेख. ही कायमची दाढ सहाव्या वर्षी येते, आणि कोणताही दुधाचा दात न पडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे 'हिच्या जागी दुसरी येईल' असं आईवडील समजतात. येत नाही. ती आयुष्यभराची दाढ असते, आणि अँगलपासून पुढच्या सगळ्या मोजमापाचा पायाच ती. सहा वर्षांचं मूल घरात असेल तर आज रात्री ब्रश करताना टॉर्च घेऊन मागे बघा.

दुधाची दाढ वाचवता येत असेल तर ती भरून किंवा लहान मुलांचं रूट कॅनल करून वाचवायची. काढावीच लागली तर 'स्पेस मेंटेनर' नावाची छोटी तार लावून जागा राखायची. पुढचा दात आला की ती काढून टाकतात. नंतर दोन वर्षं तारा लावण्यापेक्षा हे खूपच स्वस्त पडतं.

९. सहा वर्षांच्या मुलाला दुधाच्या दातांच्या मागून दुसरी रांग आलीय. घाबरू का?

खालच्या पटाशीच्या दातांच्या मागे असेल तर नको. नवे दात तिथे आतूनच येतात. दुधाचा दात हलत असेल तर त्याला हलू द्या, पडू द्या, मग वाटलंच तर छपरावर फेका. जीभ नव्या दाताला हळूहळू पुढे ढकलते. दुधाचा दात अजिबात हलत नसेल आणि नवा अर्ध्यावर आला असेल, तर मात्र दाखवा.

१०. आठ वर्षांच्या मुलीच्या वरच्या दोन दातांत मोठी फट आहे. आत्ताच तार लावू?

थांबा. साधारण सात ते बारा या वयात वरचे पुढचे दात पंख्यासारखे पसरलेले दिसतात, मधोमध फट असते आणि चेहऱ्याच्या मानाने दात फार मोठे वाटतात. दंतवैद्यकात या काळाला कुरूप बदकाच्या पिल्लाचं नाव आहे. ब्रॉडबेंट यांनी १९३७ साली ते वर्णन केलं. वरून उतरणारे सुळे शेजारच्या दातांच्या मुळांना रेटत असतात, त्यामुळे दात फाकतात. सुळे खाली आले की फट बहुतेकदा आपोआप मिटते.

याला अपवाद आहेत. फट फारच रुंद असेल, दोन दातांच्या मध्ये जास्तीचा तिसरा दात दडलेला असेल किंवा शेजारचा दात मुळातच नसेल, तर ती मिटणार नाही. एका एक्स-रेने हे कळतं. फटीचे दात भाग्याचे म्हणतात त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

११. मुलगा अंगठा चोखतो. आणि तोंड उघडं टाकून झोपतो.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अंगठा साधारण चौथ्या वर्षापर्यंत सुटला तर बहुतेक नुकसान भरून निघतं. कायमचे पुढचे दात आल्यानंतरही सवय चालू राहिली तर वरचे दात पुढे येतात आणि पुढे उघडी फट पडते. मारून, मिरची लावून सवय सुटत नाही, लपून चालू राहते.

तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्या असतील, घोरत असेल, सतत सर्दी असेल तर मूळ तिथे आहे. ते तसंच ठेवून दातांना तार लावणं म्हणजे गळका नळ सोडून फरशी पुसणं.

१२. चिठ्ठीत शेरा आला म्हणजे तारा लावायलाच हव्यात का?

मुळीच नाही. 'किती जणांचे दात वाकडे' आणि 'किती जणांना उपचार हवेत' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांच्या उत्तरांत मोठं अंतर असतं. प्रश्न २ मधल्या एक तृतीयांश मुलांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट फक्त दिसण्याची आहे. दिसणं क्षुल्लक नाही, चौदा वर्षांच्या मुलीला तर नाहीच. पण तो निर्णय तिचा आणि तुमचा, चिठ्ठीचा नव्हे.

काही गोष्टी मात्र टाळू नयेत. वरचे दात खालच्यांच्या ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असले तर पडल्यावर दात तुटण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. सायकल आणि कबड्डीच्या वयात हे लक्षात ठेवा. खालचे दात वरच्या टाळूला टोचत असतील, एखादाच दात उलटा बसून हिरडी खाली सरकत असेल, तोंड मिटताना जबडा एका बाजूला घसरत असेल, तर दाखवायलाच हवं.

'लवकर सुरू केलं की बरं' याला पुरावा मर्यादित आहे. पुढे आलेल्या दातांचे उपचार सात-आठव्या वर्षी दोन टप्प्यांत करा किंवा किशोरवयात एकाच टप्प्यात, शेवट जवळपास सारखाच होतो. लवकर केल्याचा ठोस फायदा एकच, दात तुटण्याचं प्रमाण घटतं. एकदा तपासून घ्यायला सातवं वर्ष चांगलं. तपासणं आणि तार लावणं यांत फरक आहे, एवढं सांभाळा.

१३. मुलगा तेरा वर्षांचा, एका बाजूचा सुळा आलाच नाही. दुधाचा सुळा अजून घट्ट आहे.

हा 'थांबून बघू' म्हणण्याचा प्रश्न नाही. वरचा सुळा अकरा-बाराव्या वर्षी येतो. दहाव्या वर्षी हिरडीवर बोट फिरवलं तर त्याचा उंचवटा हाताला लागायला हवा. तो टाळूच्या बाजूला भरकटला असेल तर शेजारच्या दाताचं मूळ खाऊन टाकू शकतो, आणि बाहेरून काहीच दुखत नाही. १९८८ सालचा स्वीडनमधला एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. १० ते १३ वर्षांच्या मुलांत, टाळूकडे वळलेला सुळा दिसताच फक्त दुधाचा सुळा काढला. ४६ पैकी ३६ सुळे आपापल्या वाटेने नीट आले. उशीर झाला की हिरडी उघडून, साखळी बांधून तो ओढून आणावा लागतो.

१४. अक्कलदाढेमुळे पुढचे दात वाकडे होतात, म्हणून ती काढून टाकू का?

सतराव्या-अठराव्या वर्षी दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून एकीचा दोष दुसरीवर जातो. खालच्या पुढच्या दातांत वयाबरोबर दाटी वाढतेच, अक्कलदाढ मुळातच नसलेल्यांमध्येही वाढते. दुखते, पू होतो, शेजारची दाढ किडते, तर काढा. फक्त दाटी थांबवण्यासाठी काढू नका. तारा काढल्यानंतर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून दिलेला रिटेनर कपाटात ठेवून दिलेली मुलं अक्कलदाढेला शिव्या देतात, तेव्हा मी फक्त रिटेनर कुठे आहे ते विचारतो.

१५. माझे दात सरळ होते. आता पंचेचाळिशीत पुढे फट पडलीय आणि दात बाहेर येतायत. हे मॅलऑक्लूजनच का?

दिसतं तसंच, पण मूळ दुसरं. मोठ्या वयात दात सरकू लागले तर पहिला संशय हिरड्यांचा आणि दातांखालच्या हाडाचा. मिश्रीची सवय आहे का, तंबाखू खाता का, साखरेची तपासणी शेवटची कधी केली? आपल्याकडे बायका पहाटे मिश्री लावतात आणि तिला व्यसन समजत नाहीत. हिरड्यांचे उपचार पूर्ण करून आजार आटोक्यात आल्यावर तारा लावता येतात, साठाव्या वर्षीही. आधी लावल्या तर उरलेलं हाडही जाईल. म्हणूनच शाळकरी मुलांची टक्केवारी मोठ्यांना लावू नये.

१६. डॉक्टर म्हणाले 'क्लास वन, दाढा उत्तम'. पण मुलीचे ओठ मिटतच नाहीत. कोण चुकतंय?

कोणीच नाही. दोन्ही रांगा सारख्याच पुढे असल्या तर दाढा एकमेकींवर बरोबर बसतात आणि अँगलच्या मापाने सगळं ठीक असतं. डीएआयलाही हे दिसत नाही, कारण वरच्या आणि खालच्या दातांतलं अंतर कमीच असतं. भारतीय चेहऱ्यांत ही ठेवण बऱ्यापैकी आढळते, विशेषतः दक्षिणेकडे. म्हणजे सर्वेक्षणात अशी मुलगी 'निर्दोष' मोजली जाते आणि घरी आरशासमोर रडते.

चार लहान दाढा काढून पुढचे दात मागे घेणं हा याचा नेहमीचा उपचार. चांगले दात का काढायचे, हा प्रश्न रास्त आहे. ओठ मिटायला जोर लावावा लागत नसेल आणि मुलीला स्वतःला काही वाटत नसेल, तर काढू नका. पुढे आलेले ओठ हा दोष नाही.

१७. आम्ही इंग्लंडमध्ये असतो. एनएचएसने (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने) मुलाला तारा लावायला नकार दिला, पुण्यातल्या डॉक्टरांनी मात्र 'करून घ्या' सांगितलं. कोणाचं ऐकायचं?

दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. एनएचएस १८ वर्षांखालच्या मुलांना मोफत उपचार देते, पण आयओटीएनच्या चौथ्या किंवा पाचव्या पायरीवर, किंवा तिसऱ्या पायरीवर असून दिसण्याच्या दहापैकी सहाव्या किंवा त्यापुढच्या चित्राशी जुळलं तरच. तो सरकारी पैसा वाटण्याचा नियम आहे. पुण्यात तुम्ही स्वतः पैसे देणार, म्हणून सुधारता येईल एवढंच पाहिलं गेलं. एक व्यवहाराची गोष्ट: सुट्टीत इथे तारा लावून तिथे जाऊ नका. दर चार-सहा आठवड्यांनी आवळाव्या लागतात, आणि दुसऱ्याने लावलेल्या तारा हातात घ्यायला तिथले डॉक्टर नाखूश असतात.

१८. टाळू फाटलेल्या बाळाचे दातही वाकडेच येतात का?

बहुतेकदा हो. फटीजवळचा दात नसतो किंवा वेडावाकडा येतो, आणि शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे वरचा जबडा कमी वाढून क्लास थ्रीसारखा चेहरा होऊ शकतो. जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बाळाला ओठ किंवा टाळू फाटलेला असतो. ही मुलं सर्वसाधारण टक्केवारीत मिसळू नयेत. त्यांचा उपचार जन्मापासून तारुण्यापर्यंत चालतो आणि त्यात सर्जनपासून वाचा-उपचार तज्ज्ञापर्यंत सगळे लागतात. प्रश्न ४ मधल्या सरकारी कार्यक्रमात फाटलेला ओठ-टाळू येतो, म्हणून अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच सांगा.

१९. खासगीत परवडत नाही. कुठे जाऊ?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, रांग असते, काम नीट होतं. तारा लावणाऱ्याकडे 'एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स' (दात सरळ करण्यातली पदव्युत्तर पदवी) आहे का, हे कुठेही विचारा. घरपोच अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे) मागवून फोनच्या फोटोंवर दात सरकवणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. हिरडीखाली हाड किती आहे ते फोटोत दिसत नाही.

२०. मी बीडीएसची विद्यार्थिनी आहे. आमच्या तालुक्यातल्या मुलांचं सर्वेक्षण करायचंय. काय सांभाळू?

आधी प्रश्न ३ वाच. मग १२ आणि १५ ही दोनच वयं घे, जागतिक आरोग्य संघटनेच्या ठरलेल्या वयांत ही दोन्ही येतात. शाळा चिठ्ठ्या टाकून निवड, ओळखीच्या मुख्याध्यापकांच्या नकोत. आश्रमशाळा वगळू नकोस. एकच माप ठरव. डीएआय घेतलंस तर खोल चावा, उलट्या दाढा आणि प्रश्न १६ मधली ठेवण वेगळ्या रकान्यात नोंदव. सुरुवातीला अनुभवी माणसाबरोबर तीच मुलं तपासून हात जुळव, आणि काही मुलं आठवड्याने पुन्हा तपास. स्वतःचेच दोन आकडे किती वेगळे येतात ते बघून बरेच जण चकित होतात.

आणि तारा लावलेल्या मुलांचं काय करायचं, ते आधीच ठरव. त्यांना वगळलंस तर शहरातल्या महागड्या शाळेत बिघाड कमी दिसेल, कारण बिघडलेलेच तारा लावून बसलेले असतात. त्यांना वेगळं मोज, वेगळं लिही.